हायपोचा कॅन घेण्याआधी: कारखान्यासाठी ब्लीच कसं निवडावं, तपासावं आणि वापरावं

सांगली-साताऱ्याकडच्या कारखान्यांत ब्लीचची, म्हणजे हायपोची (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाची) खरेदी बहुतेक वेळा फोनवरच होते. ‘दहा कॅन हायपो पाठवा’, विषय संपला. किती टक्क्यांचा, कधी बनवलेला, कशासाठी हवाय, हे कुणी विचारत नाही. दर मात्र आवर्जून विचारतात. मग मे महिन्यात कूलिंग टॉवरला शेवाळ धरतं, डोस दुप्पट करूनही पाण्यात क्लोरीन लागत नाही आणि खापर डोसिंग पंपावर फुटतं. पंप ठीकच असतो. कॅनमधल्या क्लोरीननं कधीच रामराम ठोकलेला असतो.

ब्लीच हा नाशवंत माल आहे. दूध संस्थेत फॅट लावल्याशिवाय दर ठरत नाही, तसं हायपोचंही उतरवून घेतानाच माप लागलं पाहिजे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

बाजारात काय काय मिळतं

पहिला आणि सगळ्यात जास्त खपणारा म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. पिवळट-हिरवट, उग्र वासाचं. ताज्या मालात उपलब्ध क्लोरीन साधारण १० ते १२ टक्के. पंपानं डोस देता येतो, गाळ राहत नाही, विरघळवायची कटकट नाही. रोज किंवा आठवड्याला माल लागणाऱ्या मध्यम कारखान्याला हाच सोयीचा.

दुसरी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल. नव्या पोत्यात ३३-३४ टक्के क्लोरीन असतो, पण पोतं एकदा उघडलं आणि पावसाळी हवा लागली की तो झपाट्यानं उतरतो. चुन्याचा गाळ राहतो, म्हणून डोसिंग पंपाच्या आसपासही ती नको. गटारं, फरशा, विहिरी, उघड्या टाक्या, इथं ती ठीक.

तिसरं कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ ते ७० टक्क्यांचं, दाणेदार किंवा गोळ्यांत. महाग, पण सावलीत कोरडं ठेवलं तर टिकतं. जतकडे किंवा पाटणच्या डोंगराळ भागात जिथं महिना-दोन महिन्यांतून एकदाच गाडी जाते, तिथं मी द्रवापेक्षा हेच घ्यायला सांगेन. गोळ्यांत आणखी दोन प्रकार येतात: एसडीआयसी, साधारण ५६ ते ६० टक्के, आणि टीसीसीए, सुमारे ९० टक्के. या दोन्हींतून सायन्युरिक आम्ल पाण्यात मागे राहतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असेल तर ते साचत जातं आणि क्लोरीनचा जोर मंदावतो. क्लोरीन गॅसचे सिलिंडर हे मोठ्या पाणीपुरवठा केंद्रांचं काम. प्रशिक्षित माणूस आणि गळतीरोधक व्यवस्था नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

ऑर्डर देताना एक काळजी घ्या. कापडाच्या आणि फोटोच्या धंद्यातली जुनी माणसं सोडियम थायोसल्फेटलाही ‘हायपो’च म्हणतात. ते क्लोरीन मारायचं रसायन आहे, म्हणजे काम बरोबर उलटं. म्हणून कागदावर पूर्ण नाव लिहा: सोडियम हायपोक्लोराइट.

बेदाणा पिवळा ठेवायला देतात ती गंधकाची धुरी, गुऱ्हाळावर गूळ उजळायला वापरतात ते हायड्रोज आणि साखर कारखान्यातलं सल्फिटेशन यांतला कशाचाही या ब्लीचशी संबंध नाही. ‘साखर ब्लीचनं पांढरी करतात’ हे गावोगाव ऐकू येतं, प्रत्यक्षात तिथं गंधक जाळून केलेला वायू असतो. हायपोक्लोराइट ऑक्सिडीकरण करून रंग काढतं, गंधकाची ही मंडळी क्षपण करून. दोन्ही एकत्र आली की जोरात उष्णता निघते. हायड्रोजला तर नुसती ओल लागली तरी ते पेटू शकतं. ही रसायनं एका खोलीत ठेवायची नाहीत.

‘१२ टक्के’ म्हणजे नेमकं किती?

हा प्रश्न विचारला की निम्मे विक्रेते गडबडतात. टक्केवारी दोन प्रकारे सांगतात. एक वजनावर, म्हणजे १०० ग्रॅम मालात किती ग्रॅम क्लोरीन. दुसरी आकारमानावर, म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये किती ग्रॅम. हायपोची घनता सुमारे १.२ असते, त्यामुळे आकारमानावरचे १२ टक्के म्हणजे वजनावरचे फक्त १०.

आता ५० किलोचा कॅन घ्या. त्यात साधारण ४२ लिटर माल बसतो. बारा टक्के आकारमानावर असतील तर कॅनमध्ये ५ किलो क्लोरीन, वजनावर असतील तर ६ किलो. लेबल तेच, दरही तोच, आणि कॅनमागे एक किलोचा फरक. विक्रेता खोटं बोलत असतो असं नाही, बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. आपण मात्र कोटेशनवर लिहून घ्यायचं: ‘उपलब्ध क्लोरीन, वजनावर’ किंवा ‘आकारमानावर’. दोन कोटेशनची तुलना करताना लिटरचा किंवा किलोचा दर बघू नका, त्यातल्या एक किलो क्लोरीनचा दर काढा. स्वस्त वाटलेला माल तिथं उघडा पडतो.

टक्क्यांइतकीच महत्त्वाची उत्पादनाची तारीख. तापमान १० अंशांनी वाढलं की हायपोचा ऱ्हास तिप्पट-चौपट वेगानं होतो. चाळीस अंशांच्या आसपास दहा टक्क्यांचा माल महिना-सव्वा महिन्यात निम्म्यावर येऊ शकतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडखाली यापेक्षा कमी तापमान सहसा नसतंच. माल किनारपट्टीच्या किंवा गुजरातच्या कारखान्यातून निघून वितरकाच्या गोडाऊनमध्ये पंधरा दिवस तापला असेल, तर तुमच्या दारात उतरलेला ‘१२ टक्के’ प्रत्यक्षात आठचा असू शकतो.

उतरवून घेताना माप लावा

ही चाचणी कारखान्यातला बीएस्सी झालेला कुठलाही पोरगा वीस मिनिटांत करू शकतो. सामान साधं आहे: पिपेट, ब्युरेट, शंकूपात्र, पोटॅशियम आयोडाइड, ॲसेटिक ॲसिड, ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्चचं द्रावण. स्वतःची लॅब नसेल तर जवळच्या डेअरीच्या किंवा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हे सगळं असतं, ओळखीवर काम होतं.

१. कॅन हलवून वरच्या फेसाखालचा नमुना घ्या. गडद बाटलीत भरा आणि तासाभरात तपासा. काचेच्या पांढऱ्या बाटलीत उन्हात ठेवलेला नमुना तपासण्यात अर्थ नाही.

२. पिपेटला रबरी बल्ब लावून १० मिली हायपो मोजा आणि डिस्टिल्ड पाणी घालून १०० मिली करा. तोंडानं ओढायचं नाही, कितीही सराव असला तरी.

३. या पातळ द्रावणातले १० मिली शंकूपात्रात घ्या. म्हणजे मूळ मालाचा बरोबर १ मिली आला. ५० मिली डिस्टिल्ड पाणी घाला, साधारण दोन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालून विरघळवा आणि त्यानंतरच ५ ते १० मिली ॲसेटिक ॲसिड. क्रम उलटा केलात तर क्लोरीन वायू सुटून निघून जाईल, आकडा कमी येईल आणि विक्रेत्याशी विनाकारण भांडण होईल.

४. द्रावण गर्द तपकिरी होतं. थायोसल्फेट सोडत जा. रंग गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा झाला की स्टार्चचे थेंब टाका, निळसर काळा रंग येईल. आता थेंब थेंब. रंग एकदम नाहीसा झाला की वाचन घ्या.

५. वाचन गुणिले ०.३५४६ म्हणजे आकारमानावरचे टक्के. समजा २७.५ मिली लागले, तर ९.७५ टक्के. बारा टक्क्यांच्या मालाला ३३.८ मिली लागायला हवेत.

आकडा कॅनवर मार्करनं लिहा, तारखेसह. पंधरा दिवसांनी त्याच कॅनचा पुन्हा काढा. तुमच्या शेडमध्ये माल किती वेगानं उतरतो ते कळलं की एका वेळी किती साठा करायचा हे आपोआप ठरतं.

पाण्यातला उरलेला क्लोरीन मोजण्याच्या पट्ट्या किंवा ओटी-डीपीडी किटचे रंग दाखवणारे थेंब इथं चालणार नाहीत. शिवाय डीपीडीत एक फसवणूक आहे. क्लोरीन फार जास्त असला की आलेला गुलाबी रंगच उडून जातो आणि वाचन शून्य दिसतं. नुकताच डोस टाकलाय, वास येतोय आणि किट शून्य दाखवतंय, असं झालं तर डोस वाढवायच्या आधी नमुना दहापट पातळ करून बघा.

डोसचं गणित

सूत्र एकच लक्षात ठेवा. हवा असलेला पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) गुणिले पाण्याचे लिटर, भागिले हायपोच्या टक्क्यांची दहापट. उत्तर मिलीलिटरमध्ये.

एक लाख लिटरच्या टाकीत २ पीपीएम हवा आणि हायपो १० टक्क्यांचा असेल तर २ लिटर. तोच माल आठवर आला असेल तर अडीच लिटर. टीसीएलचं ग्रामपंचायतीत रूढ असलेलं माप, हजार लिटरला पाच ग्रॅम, हे ३३ टक्क्यांच्या ताज्या पावडरीला धरून आहे आणि त्यातून सुमारे १.६५ पीपीएम मिळतो. पावडर १७ टक्क्यांवर आली असेल तर त्याच पाच ग्रॅमात जेमतेम निम्माच डोस पडेल.

पण किती पीपीएम टाकायचा? ते पाणी ठरवतं. गाळ, शेवाळ, अमोनिया, लोह हे सगळे आधी आपला वाटा खातात, उरलेला क्लोरीन जंतूंसाठी. पाऊस सुरू झाल्यावर कृष्णेचं गढूळ पाणी आणि फेब्रुवारीतलं निवळ पाणी यांना एकच डोस लावणं म्हणजे अंदाजपंचे. त्यापेक्षा बादल्यांची चाचणी करा. दहा टक्क्यांच्या हायपोचे १० मिली एक लिटर पाण्यात मिसळा, हजार पीपीएमचं द्रावण तयार झालं. दहा-दहा लिटरच्या पाच बादल्या भरा आणि त्यात अनुक्रमे १०, २०, ३०, ४०, ५० मिली टाका. म्हणजे १ ते ५ पीपीएम. झाकून अर्धा तास ठेवा, मग उरलेला क्लोरीन मोजा. जिथं तो तुम्हाला हवा तेवढा दिसेल तो तुमचा डोस. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या मानकाप्रमाणे नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन लागतो. कॅन्टीनची टाकीही यात आली, कारखाने ती नेहमी विसरतात.

पाण्याचा पीएचही बघा. ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या जोरकस रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. किट दोन्हीकडे तेवढाच आकडा दाखवतं, मारा मात्र सारखा नसतो.

कुठल्या कामाला काय

*कूलिंग टॉवर.* सतत डोस असेल तर ०.२ ते ०.५ पीपीएम मुक्त क्लोरीन पुरतो. अधूनमधून जोराचा डोस देत असाल तर संध्याकाळी द्या, ऊन क्लोरीन खातं. टॉवरचा पीएच सहसा आठच्या वर असतो, म्हणून नुसता हायपो फिका पडतो. मोठ्या टॉवरला सोडियम ब्रोमाइडची जोड देणं परवडतं. स्केल-गंज रोखणारं रसायन ज्याच्याकडून घेता त्याला विचारा की त्याचा माल क्लोरीनपुढे टिकतो का. काही टिकत नाहीत.

*आरओ.* मेम्ब्रेनला मुक्त क्लोरीन अजिबात चालत नाही, ०.१ पीपीएमच्या आतच हवा. आधी क्लोरीन देऊन पाणी निर्जंतुक करा आणि आरओच्या तोंडाशी कार्बन फिल्टर किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट लावून तो काढा. हिशेबाप्रमाणे एक भाग क्लोरीनला १.३४ भाग मेटाबायसल्फाइट लागतं, व्यवहारात दुप्पट-तिप्पट धरतात.

*डेअरी आणि अन्नप्रक्रिया.* भिलवडीपासून फलटणपर्यंत दुधाचा पट्टाच आहे, म्हणून इथं थोडं सविस्तर सांगतो. स्टेनलेस स्टीलला हायपोचा राग आहे. ३०४ ग्रेडच्या टाकीत तीव्र द्रावण रात्रभर राहिलं तर सकाळी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतात. ते घासून जात नाहीत आणि पुढं त्यांतच जंतू घर करतात. म्हणून २०० पीपीएमच्या वर जाऊ नका, संपर्क वीस मिनिटांच्या आत ठेवा, द्रावण गरम करू नका, पीएच आठच्या वर असू द्या आणि नंतर चांगल्या पाण्यानं धुवा. त्याआधी दुधाची चरबी आणि प्रथिनं कॉस्टिकनं पूर्ण निघालेली हवीत, नाहीतर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो. सीआयपीत (टाक्या-पाइप न उघडता आतून धुण्याच्या पद्धतीत) नायट्रिक ॲसिडची फेरी असते. ती आणि हायपो यांच्यामध्ये पाण्याची भरपूर धुलाई झाल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही. माझं मत विचाराल तर बंद पाइपलाइन आणि टाक्यांसाठी पेरॲसेटिक ॲसिड घ्या आणि हायपो फरशी, गटार, क्रेट, बाहेरच्या टाक्यांसाठी ठेवा. महाग पडतं खरं, पण टाकी त्याहून महाग आहे.

*हॉस्पिटल आणि लॅब.* मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने असल्यामुळे हायपोचा खप तिथं मोठा. सांडलेल्या रक्तावर आधी शोषून घेणारा कागद किंवा कापड, त्यावर १ टक्क्याचं द्रावण, किमान दहा मिनिटं थांबणं आणि मग पुसणं. रोजच्या पृष्ठभागांना ०.१ टक्का पुरे. लॅबच्या द्रव कचऱ्यासाठी बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत २०१८ च्या दुरुस्तीपासून १ ते २ टक्के द्रावण आणि वीस मिनिटं असं आहे. दहा टक्क्यांच्या मालापासून १ टक्का करायला एक भाग हायपो, नऊ भाग पाणी. माल आठचा असेल तर सात भाग. पातळ केलेलं द्रावण रोज नवं करा. भिंतीवर ‘१:९’ असा तक्ता वर्षानुवर्षं लटकत असतो आणि कॅनमधला माल कधी दहाचा, कधी सहाचा.

*कापड.* विट्याच्या मागावरचं कोरं सुती कापड हायपोनं उजळायचं तर लिटरला १ ते ३ ग्रॅम क्लोरीन, साधं तापमान, तास-दोन तास. पीएच १० ते ११ मध्ये धरून ठेवा. तो सातच्या आसपास घसरला की सुताचा धागाच कुजतो, कापड हातात फाटतं. शेवटी थायोसल्फेट किंवा बायसल्फाइटची धुलाई, नाहीतर गोडाऊनमध्ये पिवळेपणा येतो. रेशीम, लोकर, नायलॉन, स्पॅन्डेक्स यांना हायपो लावूच नका. पांढरेपणा टिकायला हवा असेल आणि वाफेची सोय असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड उजवं. ९० अंशांच्या वर चालतं आणि सांडपाण्यात क्लोरीनयुक्त घाण सोडत नाही.

*प्लेटिंगचं सांडपाणी.* कुपवाडसारख्या वसाहतीत सायनाइड बाथ वापरणारे छोटे प्लेटिंगवाले (धातूवर मुलामा चढवणारे) असतात. सायनाइड मोडायला हायपो उत्तम, पण पहिल्या टप्प्यात पीएच १० च्या वर हवाच. आधी कॉस्टिक, पीएच बघायचा, मग हायपो. पीएच खाली असताना टाकलात तर सायनोजेन क्लोराइड हा विषारी वायू सुटतो. दुसऱ्या टप्प्यात पीएच साडेआठच्या आसपास आणून सायनेट मोडतात. दोन्ही मिळून एक भाग सायनाइडला जवळपास सात भाग क्लोरीन लागतो. ॲसिड बाथचं पाणी या टाकीत चुकूनही येता कामा नये, पाइप वेगळाच ठेवा. हे उघड्या बॅरलमध्ये काठीनं ढवळून करायचं काम नाही.

*ड्रिप.* तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत लॅटरलमधला (ड्रिपच्या नळ्यांतला) बुळबुळीत थर काढायला शेवटच्या ड्रिपरशी १० ते २० पीपीएम क्लोरीन येईल असा डोस देऊन अर्धा ते एक तास ठेवतात. टीसीएल नको, त्याच्या चुन्यानं ड्रिपरच बुजतात. ॲसिड ट्रीटमेंट करायची असेल तर ती वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या टाकीतून. एकाच व्हेंच्युरीनं एकामागोमाग एक ओढणं म्हणजे पंपघरात क्लोरीन गॅस सोडणं.

*पोल्ट्री.* खानापूर-विटा भागातल्या शेडमध्ये पिण्याच्या पाण्याला २-३ पीपीएम. लासोटासारखी जिवंत लस पाण्यातून द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद, नाहीतर लसही मरते.

*पुरानंतर.* २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत गाळावरच पावडर फेकलेली सगळ्यांनी पाहिली आहे. त्यानं वास जातो, निर्जंतुकीकरण होत नाही, कारण गाळ सगळा क्लोरीन गिळतो. आधी गाळ काढा, पाण्यानं धुवा, मग ०.१ ते ०.२ टक्क्याचं द्रावण फवारा आणि दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. मोटारी आणि पॅनेल बोर्डवर फवारायचं नाही, तांबं गंजतं.

टाकी, पाइप, व्हॉल्व्ह

टाकी एचडीपीईची किंवा योग्य अस्तराची एफआरपी, पाइप यूपीव्हीसी. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, स्टील यांचा स्पर्श नको. ती गंजतात हा एक भाग, पण लोह-तांब्या-निकेलचे अंश द्रावणात उतरले की हायपो आतल्या आत मोडतो आणि ऑक्सिजन सोडतो. म्हणूनच टाकीला श्वास घ्यायला जागा हवी. झाकण घट्ट आवळलेला कॅन उन्हात ढेकणासारखा फुगतो तो याच वायूनं.

साधा बॉल व्हॉल्व्ह ही इथली धोक्याची छुपी जागा. दोन्ही बाजू बंद झाल्यावर बॉलच्या पोटात अडकलेला हायपो वायू सोडत राहतो आणि व्हॉल्व्ह फुटतो. बॉलला एका बाजूनं छिद्र असलेला प्रकार मागा किंवा डायफ्राम व्हॉल्व्ह बसवा. डोसिंग पंप हवा धरून थांबत असेल तर तो टाकीच्या पातळीखाली बसवा आणि सक्शन पाइप आखूड ठेवा.

जत, कवठेमहांकाळकडच्या बोअरचं पाणी जड. त्यात हायपो पातळ केला की पांढरा चुनखडीचा थर इंजेक्शनच्या टोकाला धरतो. पातळ करायला मऊ पाणी वापरा. ते टोक ॲसिडनं साफ करायचं असेल तर आधी काढून, बाहेर नेऊन, पाण्यात खळबळून, मगच.

साठा टिकवायचा असेल तर मऊ पाण्यानं पातळ करून ठेवा. बारा टक्क्यांचा माल सहावर आणला की ऱ्हासाचा वेग चौथ्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येतो. जागा दुप्पट लागते, हा तोटा. शेडला सावली, छताला पांढरा रंग आणि जुना माल आधी वापरायचा नियम, एवढं तर करताच येतं.

कशाशी गाठ पडू द्यायची नाही

ॲसिड, मग ते संडास धुण्याचं असो वा सीआयपीचं. अमोनिया आणि युरिया. पेरॉक्साइड. हायड्रोज, मेटाबायसल्फाइट. डिझेल, ग्रीस, लाकडाचा भुसा. यादी सगळ्यांना पाठ असते, अपघात मात्र यादीत नसलेल्या जागी होतो: तुरटी आणि पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड). जलशुद्धीकरणाची आणि ईटीपीची (सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) ही द्रावणं आम्लधर्मी असतात. टँकरवाला नवखा, दोन टाक्या शेजारी, दोन्हींचे कपलिंग सारखे आणि हायपो तुरटीच्या टाकीत. काही सेकंदांत क्लोरीन गॅस. उपाय साधा आहे: दोन टाक्यांमध्ये भिंत, भरायच्या तोंडांचे आकार वेगवेगळे, त्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत नाव, आणि आपला माणूस उभा असल्याशिवाय होज जोडायचा नाही.

हाताळताना डोळ्यांना बंद गॉगल, हातात नायट्राइल किंवा पीव्हीसी मोजे, रबरी ॲप्रन, गमबूट. कापडी मास्क क्लोरीनसमोर काही कामाचा नाही. डोळ्यात उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवा आणि मगच दवाखाना. म्हणून पाण्याचा नळ टाकीपासून दहा पावलांत हवा. सांडलं तर भरपूर पाणी, ॲसिड टाकून ‘मारायचं’ नाही, भुशानं टिपायचं नाही. धुतलेलं पाणी थेट ईटीपीच्या एरेशन टाकीत सोडलंत तर तिथले जिवाणू मरतात आणि पुढचे काही दिवस सीओडी (सांडपाण्यातल्या घाणीचं माप) हाताबाहेर जातो. आधी थायोसल्फेटनं क्लोरीन संपवा.

ऑर्डर कशी लिहायची

एवढं झाल्यावर फोनवरच्या ‘दहा कॅन पाठवा’ऐवजी पर्चेस ऑर्डरवर काय यावं ते असं. सोडियम हायपोक्लोराइट द्रावण, आयएस ११६७३ प्रमाणे. उपलब्ध क्लोरीन पोहोचताना किमान १० टक्के, आकारमानावर की वजनावर ते स्पष्ट. उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर प्रत्येक कॅनवर, पोहोचेपर्यंत सात-आठ दिवसांपेक्षा जुना नको. लोहाचं प्रमाण आणि मोकळ्या अल्कलीचा आकडा चाचणी अहवालात. अल्कली फार कमी असेल तर माल टिकत नाही.

स्रोतही विचारा. कॉस्टिक-क्लोरीन कारखान्यात मुद्दाम बनवलेला हायपो वेगळा आणि दुसऱ्या एखाद्या रसायनाच्या उत्पादनात सुटलेला क्लोरीन कॉस्टिकमध्ये शोषून तयार झालेला बायप्रॉडक्ट वेगळा. दुसरा स्वस्त असतो, पण त्यात मूळ प्रक्रियेतले सेंद्रिय अंश येऊ शकतात. गटाराला आणि सांडपाण्याला चालेल. पिण्याच्या पाण्याला, डेअरीला, पोल्ट्रीला मुळीच नाही, आणि तसं लेखी घ्या.

शेवटची अट पैशांची. माप कमी लागलं तर बिलातून त्या प्रमाणात कपात आणि आठ टक्क्यांच्या खाली आला तर माल परत. विक्रेते सुरुवातीला कुरकुर करतात. दोन गाड्यांना माप लावून घेतलंत की तिसऱ्या गाडीपासून ताजा माल यायला लागतो, आणि शिळा कुठं जातो ते शेजारच्या प्लॉटवाल्याला विचारा.